चढावरची जादा जोडी

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर राउंडला आले, उजव्या मांडीवर हात ठेवला आणि म्हणाले, "मांडी आवळा." मी आवळली. म्हणजे आवळली असं मला वाटलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि परत म्हणाले, "आवळा ना." तेव्हा मी मान उचलून खाली बघितलं. मांडी होती तशी पडून होती.

दुखत होतं म्हणून नव्हे. भूल उतरली होती. चादरीचा स्पर्श कळत होता, पायाची बोटं हलत होती, घोटा फिरत होता. डावी मांडी म्हटल्याबरोबर गच्च होत होती. उजवीला मात्र मी हाक मारत होते आणि आतून कुणी ओ देत नव्हतं. ४९ वर्षं जिला कधी काही सांगावंच लागलं नाही, तिला आता सांगायचं तरी कसं, हेच मला कळेना. मांडी कशी आवळायची हे कधी कुणी आपल्याला शिकवलेलं असतं का?

त्याआधीची हकिकत छोटी आहे. फेब्रुवारीच्या शेवटी शाळेतून घरी येताना सहकारनगरात एका वळणावर सांडलेल्या खडीवरून गाडी घसरली. पाय जमिनीला टेकला, गाडी एकीकडे गेली आणि गुडघा दुसरीकडे. आत काहीतरी 'टक्' झालं. एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे गुडघ्याला आतून धरून ठेवणारं लिगामेंट, पूर्ण तुटलेलं दिसलं. मार्चमध्ये दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. मांडीच्या मागच्या बाजूच्या कंडरा काढून तुटलेल्या लिगामेंटच्या जागी बसवल्या.

मागच्या बाजूच्या, हे मी मुद्दाम लिहिते आहे. पुढच्या स्नायूला कुणी हातही लावला नव्हता. मग तोच का गप्प बसला?

याचं उत्तर मला पुढे हळूहळू समजलं, आणि ते समजल्यावर माझा स्वतःवरचा राग बराच कमी झाला. गुडघ्याला इजा झाली, आत पाणी भरलं, की सांध्यातल्या नसा पाठीच्या कण्याकडे सतत खबर पाठवत राहतात. त्या खबरीमुळे मांडीच्या पुढच्या स्नायूकडे जाणारा हुकूम कण्यातच दाबला जातो. स्नायू शाबूत असतो, नस शाबूत असते, माणसाची इच्छाही असते, तरी निरोप पूर्ण पोचत नाही. निरोगी गुडघ्यात सलाईन सोडून संशोधकांनी हे पडताळून पाहिलं आहे. अवघं २० ते ३० मिलिलिटर, म्हणजे चार-सहा छोटे चमचे पाणी आत गेलं, तरी गुडघ्याच्या वाटीच्या आतल्या अंगाचा स्नायू मंदावतो. वेदना नसतानाही. मला कितीतरी दिवस वाटत होतं की आपणच कच खातोय, मनापासून प्रयत्न करत नाही. घरातही कुणीतरी म्हणालं होतं, "जरा जोर लावून बघ की." जोर लावायची वाटच बंद होती.

घराजवळ पडतं म्हणून मी आधी एका क्लिनिकमध्ये जायला लागले. हिरवे पडदे, ओळीने पलंग, प्रत्येक पलंगाशी एक मशीन. एक मुलगा येऊन पॅड लावायचा, बटण फिरवायचा आणि विचारायचा, "मुंग्या आल्या?" आल्या म्हटलं की पडदा ओढून पुढच्या पलंगाकडे. २० मिनिटं मी मोबाइल बघत पडून राहायचे. मशीन वाजलं की पॅड काढायचे आणि घरी यायचं. आई विचारायची, "काय केलं आज?" मी सांगायचे, "करंट घेऊन आले." आपल्याकडे तसंच म्हणतात, शेक घेऊन आले, करंट घेऊन आले. जणू इंजेक्शन घेऊन यावं तसं. घेतलं, आता त्याचं काम ते करेल.

साडेतीन आठवडे असे गेले आणि मांडी दिवसेंदिवस बारीक होत गेली. मला त्याचा अजूनही राग येतो. त्या मुलाचा नाही, त्याच्यावर एका वेळी सहा पडदे सोपवलेले असायचे. राग याचा, की मांडीत मुंग्या येणं आणि मांडी आवळली जाणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला तिथे कुणी सांगितलं नाही. दुखणं दाबायला देतात तो करंट वेगळा आणि स्नायू आकुंचित करायला देतात तो वेगळा. पहिल्यात नुसत्या मुंग्या पुरतात. दुसऱ्यात स्नायू डोळ्यांना दिसेल असा उठला पाहिजे, आणि ते सोसायला तसं सोपं नसतं. माझ्या बाबतीत पेशंटला त्रास नको म्हणून बटण खालीच ठेवलेलं होतं, आणि मलाही ते बरंच वाटत होतं.

एप्रिलच्या मध्यात एका मैत्रिणीने बिबवेवाडीतल्या दुसऱ्या क्लिनिकमध्ये नेलं. तिथली फिजिओ पंचविशी-सव्विशीची. मी पहिल्या दिवशी तिला मॅडम म्हटलं, तिने मला काकू म्हटलं, आणि तिसऱ्या दिवशी मी तिला अगं-तुगं करायला लागले. तिने पहिलं काम केलं ते टेप काढायचं. वाटीच्या १५ सेंटिमीटर वर दोन्ही मांड्या मोजल्या. उजवी साडेतीन सेंटिमीटर कमी भरली. काही न बोलता तिने वहीत आकडा लिहिला, मग स्टूल ओढून पलंगाशी बसली.

एक पॅड मांडीच्या वरच्या भागात, जरा बाहेरच्या अंगाला. दुसरं वाटीच्या वर आतल्या बाजूला. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी. मग तिने हात पुढे केला. "मोबाइल द्या इकडे. आता मांडीकडे बघायचं. करंट येईल तेव्हा तुम्ही पण आवळायची. त्याची वाट बघायची नाही आणि त्याच्या जिवावर सोडायचंही नाही. टॉवेल खाली दाबायचा, टाच उचलायची."

तिने बटण फिरवलं. आधी ओळखीच्या मुंग्या आल्या. मग त्या टोचायला लागल्या. मग टोचणं सरून मांडीच्या आत काहीतरी घट्ट गोळा व्हायला लागलं. मी "बास" म्हणणार तेवढ्यात ती म्हणाली, "अजून थोडं, काकू. सोसवेल तेवढं." आणि मी बघत असतानाच स्नायू कातडीखालून उठला, त्याची कड दिसली, आणि गुडघ्याची वाटी बोटभर वर सरकली. सव्वा महिन्यात पहिल्यांदा. मला रडू आलं. ती म्हणाली, "दुखतंय का?" मी मान हलवली. दुखण्याचं रडू नव्हतं ते.

पण त्या आनंदात एक विचित्रपणाही होता, तो मला अजून नीट सांगता येत नाही. मांडी आवळली होती, पण मी आवळली नव्हती. झोपेत कुणी आपला हात उचलावा तसं. दहा सेकंद करंट, पन्नास सेकंद विश्रांती, असं दहा वेळा. दर वेळी ती करंट सुरू व्हायच्या जराशी आधी म्हणायची, "तुम्ही!" मी आवळायचा प्रयत्न करायचे आणि त्यात करंट येऊन मिळायचा. कुठे माझं संपतं आणि कुठे त्याचं सुरू होतं, काही कळायचं नाही. दहा मिनिटांचं काम, पण मी घामाने थबथबायचे.

पाचव्या की सहाव्या दिवशीची गोष्ट. करंट ओसरला आणि तिने एकदम हाताने मांडी दाबत म्हटलं, "सोडू नका, धरा!" मी धरली. मशीन शांत होतं. मांडी घट्ट होती. दोन सेकंद, फार तर तीन. मग ढिली पडली. ती दोन सेकंदं मात्र माझी होती.

घरी येताना रिक्षात मला दिवे घाट आठवला. गेली अकरा वर्षं मी माउलींच्या पालखीबरोबर पुणे ते सासवड एवढा एक टप्पा चालते. हडपसर मागे पडलं, वडकी आलं, की समोर घाट उभा राहतो. तिथे रथाला मानाच्या बैलजोडीच्या पुढे जादा जोड्या जुंपतात. ढोल-ताशे नसतात, नुसता टाळांचा आणि माउली-माउलीचा गजर असतो, आणि त्यात त्या सगळ्या जोड्यांच्या माना एकदम खाली जातात. एका वर्षी मी कठड्याशी दम खात उभी होते. शेजारी फेटा बांधलेले एक आजोबा होते, बैल बाळगलेल्या माणसाची नजर होती त्यांची. मी म्हटलं, "आता मागच्या जोडीला जरा आराम." ते म्हणाले, "छे हो ताई. मागली जोडी ढिली पडली तर पुढल्यांची ओढ फुकट जाते. जू तिच्या मानेवर आहे." तेव्हा मी ते ऐकून सोडून दिलं होतं.

त्यानंतर रात्री झोप येईना तेव्हा मी या करंटाविषयी वाचत बसायचे. बोलोन्याच्या गॅल्व्हानीने १७९१ साली बेडकाच्या पायांवरचे आपले प्रयोग छापले, तिथून ही कथा सुरू होते. मेलेल्या बेडकाचा पाय विजेने उडाला. १९ व्या शतकात पॅरिसच्या द्युशेनने कातडीला छेद न देता, ओलसर इलेक्ट्रोड नेमक्या जागी ठेवून एकेक स्नायू वेगळा आकुंचित करून दाखवला. माझ्या मांडीवर पॅड कुठे बसवायचं हे ती मुलगी बोटाने चाचपून ठरवते, त्या विद्येचं मूळ तिथे आहे. १८६२ च्या त्याच्या पुस्तकात एका म्हाताऱ्याची छायाचित्रं आहेत. त्याच्या चेहऱ्याची संवेदना जवळजवळ गेलेली होती, आणि विजेच्या जोरावर त्याच्या चेहऱ्यावर हसू, भीती, दुःख उमटवलेलं दिसतं. ती चित्रं मी फार वेळ पाहू शकले नाही. हसू चेहऱ्यावर आहे, पण हसणारा कुठेच नाही. मला पहिल्या दिवशी माझी मांडी बघून जे वाटलं होतं, तेच ते.

मग रशियातले याकोव्ह कोट्स. १९७० च्या दशकात ते सोव्हिएत खेळाडूंवर असा करंट वापरत होते. २५०० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला २५०० वेळा उलटसुलट होणारा प्रवाह, सेकंदाला ५० झुळकांमध्ये तोडलेला. दहा सेकंद करंट, पन्नास सेकंद विश्रांती, दहा आवर्तनं. बिबवेवाडीतल्या त्या पलंगावरचं वेळापत्रक थेट तिथून आलेलं आहे हे वाचून मला अंगावर काटा आला. १९७७ मध्ये कोट्स यांनी माँट्रियलमध्ये आपलं काम मांडलं आणि ताकद ४० टक्क्यांपर्यंत वाढल्याचं सांगितलं. पुढे इतरांनी करून पाहिलं तेव्हा एवढे मोठे आकडे सहसा हाती आले नाहीत. धडधाकट माणूस नेटाने व्यायाम करत असेल, तर करंटाची त्यात भर घालून फारसं वेगळं मिळतंच असं नाही. त्याचा निरोप आधीच पोचतो आहे. ज्याची वाट अडली आहे, त्याच्यासाठी मात्र गोष्ट निराळी.

वाट अडलेल्यांवर झालेला एक अभ्यास माझ्या फिजिओने मला समजावून सांगितला. १९९५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला, माझ्यासारख्याच एसीएलच्या ऑपरेशनमधून गेलेल्या ११० जणांचा. व्यायाम त्यात सगळेच करत होते, फरक होता तो त्याच्या जोडीला काय दिलं याचा. चार आठवड्यांनी मोजलं, तेव्हा जोरदार करंट घेतलेल्यांच्या मांडीची ताकद चांगल्या पायाच्या ७० टक्के किंवा त्याहून जास्त भरली. करंटाऐवजी स्वतःच्या जोरावर कसून मांडी आवळणाऱ्यांची ५७ टक्के. आणि घरी नेण्याच्या छोट्या मशीनवर हलका करंट घेतलेल्यांची ५१. शेवटचा आकडा ऐकून मी बराच वेळ काही बोलले नाही. ते हिरवे पडदे डोळ्यांसमोर आले.

मी तिला विचारलं, "मग एवढा करंट चांगला आहे, तर मी कशाला आवळायची? तोच आवळेल की." तिने जे सांगितलं ते मला आवडलं. आपण स्वतः हालचाल करतो तेव्हा मेंदू आधी बारीक, न थकणाऱ्या तंतूंना कामाला लावतो. जोर वाढेल तसे मोठे तंतू बोलावतो, आणि पाळ्या बदलत राहतो. काही ओढतात तेव्हा काही दम खातात. करंटाला हे जमत नाही. पॅडच्या खाली येतील तेवढ्यांनाच तो उठवतो, सगळ्यांना एकाच क्षणी, आणि पुन्हा पुन्हा त्यांनाच. म्हणून त्या स्नायूला शीण लवकर येतो. पण जे मोठे तंतू माझ्या हाकेला सध्या उठतच नाहीत, त्यांनाही तो पहिल्या झटक्यात उठवतो. म्हणजे त्याला जे येतं ते मला येत नव्हतं, आणि मला जे येतं ते त्याला कधीच येणार नाही. जिन्याची पायरी उतरताना किती आवळायची, किती सोडायची, कधी सोडायची, हे कुठलं पॅड सांगणार?

आई बहुतेक दिवस माझ्याबरोबर यायची. ७८ वर्षांची. तरुणपणापासून रोज पहाटे पर्वती चढणारी. १०३ पायऱ्या, वर देवदेवेश्वर, खाली उतरून दूध घेऊन घरी. चार वर्षांपूर्वी तिला पेसमेकर बसवला आणि पर्वती सुटली. एके दिवशी ती फिजिओला म्हणाली, "बाळ, मला पण लाव की ते थोडं. गुडघे माझेही कुरकुरतात." फिजिओने तिच्याकडे बघितलं. "आजी, पेसमेकर आहे ना तुम्हाला? मग नाही लावायचं." बाहेरून दिलेल्या करंटाला ते यंत्र हृदयाचीच हालचाल समजू शकतं, आणि हृदय चाललंय असं मानून आपला ठोका द्यायचं थांबू शकतं. आईने ते नीट ऐकून घेतलं. छातीवर पदराखाली हात ठेवून म्हणाली, "म्हणजे माझं मशीन आत आहे."

त्या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला. ठोके ठरलेल्या आकड्याच्या खाली गेले की तिच्या छातीतलं यंत्र हृदयाला टोचणी देतं आणि हृदय आकुंचन पावतं. तिला विचारायचा प्रश्न नाही, ती झोपलेली असो की वरण फोडणीला टाकत असो. आणि तसंच असायला हवं. हृदय कुणाच्या इच्छेवर टाकून चालणार नाही. पण मांडी इच्छेची आहे. तिला पोसतं ते विचारणं. मला वाटतं, माझ्या साडेतीन आठवड्यांत हीच चूक झाली. जे मला विचारून व्हायला हवं होतं, ते मला न विचारता करायला ठेवलं होतं, आणि मीही ते तसंच ठेवू दिलं.

आईला फिजिओने रिकामं पाठवलं नाही. शेजारच्या पलंगावर बसवून गुडघ्याखाली टॉवेल दिला. "आजी, तुम्ही नुसतं आवळायचं. दहापर्यंत धरायचं. श्वास रोखायचा नाही." तेव्हापासून आम्ही दोघी शेजारी शेजारी आवळतो, मी करंट लावून, ती करंटाशिवाय.

एक गोष्ट कळकळीने सांगते. आता पुण्यातही अंगभर इलेक्ट्रोडचा सूट चढवून वीस मिनिटांत व्यायाम उरकायचा, असं चाललं आहे. माझा भाचा तिकडे गेला होता. मी त्याला नको म्हटलं नाही, पण जवळ बसवून सांगितलं की पहिल्याच दिवशी सगळं अंग जोरात आकुंचित केलं, तर स्नायूंचे तंतू फुटून त्यांतला माल रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. अशी माणसं रुग्णालयात भरती करावी लागलेली आहेत. लघवी चहासारखी गडद झाली तर एक तासही न थांबता रुग्णालय गाठायचं. आणि पोटाची चरबी करंटाने उतरत नाही, कुणी काहीही म्हणो. गर्भारपणात, मिरगी असेल तर, पायात रक्ताची गुठळी झालेली असेल तर, मानेच्या पुढच्या बाजूला, आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पॅड लावू नये.

पालख्या पुण्यात आल्या तेव्हा तीन महिने झाले होते. सासवडला जायला परवानगी नव्हतीच. नवीन लिगामेंट या दिवसांत उलट कच्चंच असतं, ते रुजायला पुष्कळ महिने लागतात. गुडघ्याला ब्रेस बांधून तासभर लक्ष्मी रोडवर उभी राहिले, एवढंच. गर्दीत कुणाच्या तरी पताकेची काठी लागली, पाय मागे सरकला, आणि उजवी मांडी मी न सांगता आपोआप आवळली. पडले नाही. पालखी पुढे सरकली तरी मी तिथेच उभी. शेजारच्या बाईंनी विचारलं, "बरं वाटतंय ना हो?" मी म्हटलं, "हो, अगदी."

दोन दिवसांनी टीव्हीवर दिवे घाट दाखवत होते. मी दिवाणावर टॉवेल घेऊन बसले होते. रथ वळणावर आला, जोड्यांच्या माना खाली गेल्या, आणि मी मागल्या जोडीकडेच बघत होते.

परवा फिजिओने पुन्हा टेप लावली. अजून दीड सेंटिमीटरचा फरक आहे. पाय सरळ ठेवून उचलला की गुडघा शेवटी जरासा वाकतो, त्याला ती लॅग म्हणते, तोही आहे. पॅड आता आठवड्यातून दोनदाच, बाकीचे दिवस नुसतं आवळायचं. आई शेजारच्या पलंगावर सात म्हटलं की सोडायला बघते. तिला दहापर्यंत नेण्याचं काम माझ्याकडे दिलं आहे.